शहतुतापर्यंत पोचणारं नाव

नाव चांगलं की वाईट हे बाई कागदावर बघून कधी ठरवत नसत. दिवेलागणीच्या सुमाराला त्या गच्चीच्या कठड्याशी उभ्या राहायच्या, तोंडाभोवती दोन्ही हात धरायच्या आणि जन्मालाच न आलेल्या पोराला जेवायला बोलवायच्या. "ओटळाऽऽ! ए ओटळाऽऽ! चल घरी!" समोर पार्क होता. पार्काच्या पलीकडच्या टोकाला, मार्केटच्या भिंतीला लागून, शहतुताचं, म्हणजे आपल्या तुतीचं, झाड होतं. त्या झाडाखाली मी उभी असायची. हाक स्वच्छ ऐकू आली तर मी हात वर करायचा, नाही आली तर गप्प उभं राहायचं. इतिहासात एम.ए. होऊन, लग्न करून चंडीगडला आल्यावर मला लागलेली ही पहिली नोकरी, आणि तीही बिनपगारी.

मी सांगलीची. आमचे डॉक्टर इथल्या मोठ्या हॉस्पिटलात शिकत होते आणि घरी पाहुण्यासारखे येत होते. एकोणीस सेक्टरात बीजींच्या, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या पंजाबी घरमालकिणीच्या, घराचा पहिला मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. खाली बीजी एकट्या. गच्चीवर एकच खोली, तिला इथं बरसाती म्हणतात, त्या बरसातीत बाई एकट्या. मधल्या मजल्यावर मी, डॉक्टर ड्यूटीवर गेले की तितकीच एकटी. एका घरात तीन चुली आणि प्रत्येकीवर एका माणसापुरती डाळ. त्या घराचं वर्णन एवढ्यात संपतं.

बाई अकोल्याच्या. मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. पन्नाशीला आलेल्या, उंच, सुती साडी, थंडीत त्यावर पुरुषी स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट. जिन्यात पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी मला "नाव काय" असं विचारलंच नाही.

"तुझी आई तुला काय म्हणून हाक मारते?"

मी सासरचं नाव सांगायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं. "ते पत्रिकेतलं नाही न ग. हाकेचं सांग, हाकेचं."

मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा तोंडात घोळवलं, आवळा खाऊन पाणी प्यावं तसं, आणि म्हणाल्या, "चालते. शहतुतापर्यंत जाईल हे." मला वाटलं, घर बदलावं.

पुढं कळलं की बाई कादंबरी लिहीत होत्या. विज्ञानकथा. या शहराच्या नकाशात तेरावा सेक्टर नाही हे इथल्या पोराटोरांनाही माहीत असतं. बारा संपला की चौदा. बाईंचं म्हणणं असं की तो होता, पण एक दिवस घरं, पार्क, शहतूत, मार्केट सगळ्यासकट उडून गेला आणि आता शनीच्या पलीकडं फिरतोय. आत माणसं आहेत. आठ पिढ्या झाल्या. तिथं ना वारा, ना संध्याकाळ, ना पाऊस.

"मग तिथली माणसं पोरांची नावं काय ठेवतील, सांग."

"काहीतरी ताऱ्यांची," मी म्हटलं.

"बाप्पा! तारे तर खिडकीबाहेर ढिगानं पडलेत. त्यांचं काय कौतुक? जे नसते त्याचं नाव ठेवतात माणसं. दुष्काळी गावात गंगूबाई किती असतात बघ."

म्हणून तेराव्या सेक्टरात पोरांना वाऱ्यांची आणि संध्याकाळींची नावं. पण आठ पिढ्यांत नाव जसंच्या तसं राहत नाही, झिजतं. ते झिजवण्याचं काम बाई भाकरी थापता थापता करायच्या. वावटळ, वावटळ, वावटळ असं म्हणत राहायचं, थकेपर्यंत, आणि शेवटी तोंडात जे उरेल ते नाव. वावटळचा झाला ओटळ. झुळकीची झुई. संध्याकाळची सांदका. यंत्रांना मात्र लांबलचक, आडनावासकट नावं. का, तर यंत्राला आई नसते, त्याला कुणी घाईत हाक मारत नाही.

पुण्याच्या एका संपादकांनी एकदा कळवलं की कथा उत्तम आहे, पण नावं वैज्ञानिक वाटत नाहीत. झोर्क, एक्स-सात अशी काही घालता येतील का? बाई ते पत्र हातात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आल्या. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं.

"एक्स-सात! अगं, भूक लागलेल्या पोराला आई एक्स-सात म्हणून बोलावेल काय? ते पोरगं येईल काय घरी?"

"नाही येणार," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मग झालं. जे नाव घेतल्यावर पोरगं घरी येत नाही, ते नाव नाही, तो नंबर आहे. नंबर या शहरात काय कमी आहेत?"

हाकेच्या परीक्षेत पास झालेल्या नावाचं रीतसर बारसं व्हायचं. पाळणा नाही, बाळ नाही, पण घुगऱ्या मात्र व्हायच्या. बाई हरभरे भिजत घालायच्या, उकडून त्याला खोबरं-गूळ लावायच्या आणि वाटी भरून एक मला, एक खाली बीजींना. बीजी विचारायच्या, "अज कौण जम्मया?" आज कोण जन्मलं? बाई सांगायच्या, "सांदका. लड़की है." बीजी वाटी कपाळाला लावून म्हणायच्या, "जींदी रहे." जगो पोर. त्या कधी हसल्या नाहीत. मी हसायची, जिन्यात येऊन.

एकदा घुगऱ्यांचे हरभरे निवडताना बाई सहज म्हणाल्या, "मला नावानं हाक मारणारं आता कोणी राहिलं नाही ग. आई गेली, तिच्याबरोबर माझी हाक गेली. कॉलेजात मैडम, इथं मैडम. तुला मी बाई. नाव आहे माझं, पण वापरात नाही. बंद घरातल्या नळासारखं." मराठी मुलीला वाढवताना इतर काही शिकवोत न शिकवोत, मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायची नाही हे पक्कं शिकवतात. त्यामुळं इलाज माहीत असूनही माझ्या हातात नव्हता.

दिवस तसे वाईट होते, पंजाब पेटला होता. चौकात वाळूची पोती रचलेली, त्यामागं बंदुका. संध्याकाळच्या बसेस लवकर बंद. कर्फ्यू लागला की दूधवाला येईल की नाही हाच दिवसभराचा विचार. सकाळचा पेपर आमचे डॉक्टर आधी वाचायचे आणि मग मला कुठलं पान द्यायचं ते ठरवायचे. त्याच काळात शेजारपाजारच्या फाटकांवरून नावाच्या पाट्या उतरायला लागल्या. नाव वाचून माणूस कोण ते कळू नये म्हणून. रात्रीतून पाटी जायची आणि सकाळी तिथं फिकट चौकोन दिसायचा. बाई कॉलेजातून येताना ते चौकोन बघत यायच्या. म्हणायच्या, "मी नावं करून राहिली आणि ही माणसं नावं पुसून राहिली."

बीजींच्या फाटकावरची पाटी सगळ्यांच्या आधी गेली होती. त्याला कारण होतं. त्यांचा मुलगा कॉलेजात म्हणून गेला तो परत आलाच नव्हता. आम्ही राहायला येण्याच्या आधीची गोष्ट. कोणी म्हणे तो त्या बंदूकवाल्या पोरांच्यात गेला, कोणी म्हणे त्याला पोलिसांनी उचलला, कोणी म्हणे परदेशात आहे, सुखात आहे. खरं कुणालाच माहीत नव्हतं. बीजींच्या दिरांनी त्यांना बजावलं होतं की त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाव काढलं की विचारणारे दारात येतात. म्हणून बीजी त्याला नुसतं 'ओह' म्हणायच्या. तो. ओह नूं खीर पसंद सी. त्याला खीर आवडायची.

एका संध्याकाळी मी शहतुताखाली उभी होते. ओटळ झाला, झुई झाली, आणि मग एक नवंच नाव आलं. "गोगीऽऽ! ए गोगीऽऽ!" एवढी खणखणीत हाक मी बाईंची त्याआधी ऐकली नव्हती. मी हात वर केला. दुसऱ्या दिवशी घुगऱ्यांची वाट बघितली. आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही गोगीला हाक, आणि घुगऱ्या नाहीत.

"बाई, गोगीचं बारसं राहिलं की," मी म्हटलं.

बाईंनी कठड्यावरून खाली बीजींच्या अंगणात पाहिलं. "त्याचं बारसं झालेलं आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. बीजी गुडघे धरत, पायरी पायरीवर थांबत बरसातीपर्यंत चढून आल्या होत्या. आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तेरी वाज बड़ी दूर जांदी है. इक वारी मेरे गोगी नूं वी वाज मार दे. तुझा आवाज लांब जातो, माझ्या गोगीलाही एकदा हाक मार. गोगी हे घरातलं नाव. कॉलेजात, कागदावर दुसरंच. शेजाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं. तेराव्या सेक्टरच्या इतक्या नावांत हे एक मिसळून गेलं तर कुणाला काय कळणार होतं!

कळलं मात्र. पार्कापलीकडच्या कोणीतरी तक्रार केली की एक मद्रासी बाई रोज गच्चीवरून खुणेचे शब्द ओरडते. आपण मराठी लोक तिथं मद्रासीच. एका सकाळी ठाणेदार आला, बरोबर एक शिपाई. मी आवाज ऐकून वर धावले. बाईंनी त्याला बरसातीतल्या एकुलत्या खुर्चीवर बसवलं होतं आणि स्वतः पेटीवर बसल्या होत्या.

"मैडम जी, आप रोज़ शाम को किसको बुलाते हो?"

"अलग-अलग हैं."

"रहते कहाँ हैं?"

बाईंना खोटं बोलता येत नसे. "तेरह सेक्टर में."

ठाणेदाराचं पेन थांबलं. "मैडम जी, तेरह सेक्टर तो है ही नहीं."

"इसीलिए," बाई म्हणाल्या.

इतर वेळ असती तर मी तिथंच फुटले असते. बाईंनी कादंबरीचा गठ्ठा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. तो मराठी पानं उलटीसुलटी बघत राहिला. मग तक्रारीच्या कागदावरची नावं त्यानं मोठ्यानं वाचली. ओटळ, झुई, सांदका. आणि थांबला.

"ये बाकी तो समझ नहीं आते. ये गोगी? ये तो अपना नाम है जी."

त्याच वेळी बीजी चहाचा ट्रे घेऊन दारात पोचल्या होत्या. ट्रेमधले कप वाजायला लागले. मी पुढं होऊन ट्रे धरला, पण त्यांनी सोडला नाही, त्यामुळं आम्ही दोघी तो धरून उभ्या राहिलो.

"कहानी का लड़का है," बाई म्हणाल्या. "जहाज़ की दीवार ठीक करने बाहर गया था. रस्सी छूट गई."

"फेर?" ठाणेदार पुढं झुकला. त्याचा आवाज बदलला होता. गोष्ट ऐकणाऱ्याचा झाला होता. "मुड़ के आंदा है?" परत येतो का?

इथं एक गोष्ट सांगायला हवी. कादंबरीत असा मुलगा होता. बिननावाचा. इतकी नावं केली पण त्याचं नाव बाईंना सापडत नव्हतं. आणि कादंबरीचा शेवट काय, हे त्यांनी मला कधीच सांगून ठेवलं होतं. दोर सुटल्यावर माणूस परत येऊ शकत नाही. त्याच्याजवळ ढकलायला काही नसतं, श्वास मोजका असतो, आणि विज्ञान काही कुणाची आई नाही. तो मुलगा जातो. खिडकीतून लोक बघत राहतात. पुण्याच्या संपादकांनी शेवटी नावांसकट होकार दिला होता, फक्त शेवटचं प्रकरण पाठवायचं बाकी होतं. आयुष्यात एक पुस्तक व्हावं एवढीच बाईंची इच्छा, ती दारात येऊन उभी होती.

आणि दारात बीजीही उभ्या होत्या.

"आएगा," बाई म्हणाल्या.

"कदों?" कधी?

"बहुत दूर गया है. टाइम लगेगा."

ठाणेदारानं कागद घडी करून खिशात घातला. बीजींच्या हातचा चहा घेतला आणि त्यांच्याकडं न बघता प्यायला. निघताना म्हणाला, "ज़रा धीरे बुला लिया करो, मैडम जी. माहौल ठीक नहीं."

"धीरे बुलाऊँगी तो उसको सुनाई कैसे देगा?"

फाटकातून बाहेर पडताना तो पाटीच्या फिकट चौकोनाशी क्षणभर थांबला आणि मग जीपमध्ये बसून गेला. परत आला नाही.

त्या दिवसापासून नवा परिपाठ सुरू झाला. बाई कॉलेजातून आल्या की बीजी जिन्याच्या तोंडाशी उभ्या असायच्या. "अज कित्थे पहुंचया?" आज कुठं पोचला? बाई दमलेल्या, हातात पेपरांचा गठ्ठा, पण उत्तर तयार असायचं. शनीच्या कड्यांजवळ आहे. एका उजाड चंद्रावर उतरलाय, पाय दुखत होते. बीजी विचारायच्या, तिथं रोटी मिळते का? मग बाईंना त्या चंद्रावर तंदूर टाकावा लागायचा. युनिट लिहायला विसरलं की मार्क कापणाऱ्या फिजिक्सच्या बाई, पण गोगीसाठी त्यांनी न्यूटनचे नियम एकेक करून मोडले. गुरुत्वाकर्षण तर केव्हाच गेलं होतं.

"शेवट पाठवला का?" मी एकदा विचारलं.

"काय पाठवू? तो येते असं लिहिलं तर ते खोटं विज्ञान. येत नाही असं लिहिलं तर मी या घराच्या पायऱ्या कशी उतरू?" त्यांनी गठ्ठा दोरीनं बांधला आणि कॉटखाली सरकवला. "संपवलं नाही तोवर तो वाटेवर आहे. राहू दे."

संपादकांनी एक-दोनदा विचारलं, मग त्यांचंही विचारणं थांबलं. मला बाईंचा राग आला होता. कोणाच्या तरी पोरासाठी आपलं उभं आयुष्य कॉटखाली ढकलायचं? पण संध्याकाळी शहतुताखाली उभं राहून ती हाक ऐकली की राग टिकत नसे. हात आपोआप वर जायचा.

डॉक्टरांचं शिक्षण संपलं आणि आम्ही सांगलीला परतलो. संसार, दवाखाना, मुलं. बाईंना दिवाळीला कार्ड पाठवायची, त्यांचं यायचं. पुढं पंजाब निवला. बऱ्याच वर्षांनी डॉक्टरांची एक कॉन्फरन्स चंडीगडला निघाली तेव्हा मी हट्टानं बरोबर गेले.

फाटकांवर पाट्या परत आल्या होत्या, पितळी, चकचकीत. बीजींच्या फाटकावर त्यांच्या पुतण्याची. बीजी आदल्या हिवाळ्यात गेल्या होत्या. पुतण्यानं बाईंना बरसातीतून काढलं नव्हतं, एवढं त्याचं चांगलं. बाई निवृत्त झाल्या होत्या. केस सगळे पांढरे, हातात काठी, तोच स्वेटर. आवाज मात्र गेला होता. घशाचं काही दुखणं झालं होतं आणि आता नुसती घरघर उरली होती.

"बीजींनी शेवटच्या दिवशीही विचारलं," त्या म्हणाल्या. ऐकायला मला जवळ सरकावं लागलं. "कित्थे पहुंचया? मी म्हटलं, गेट पे. आलाच म्हटलं, बूट काढून राहिला. चुकलं का ग माझं?"

"नाही," मी म्हटलं.

दिवे लागायची वेळ झाली तशा बाई उठल्या. "आज तू हाक मार. बीजी गेल्या, माझा आवाज गेला. त्याला कोणी बोलावलंच नाही इतक्या दिवसांत. मी जाते झाडाखाली."

मी नको नको म्हणत असताना त्या जिना उतरल्यासुद्धा. गच्चीवरून मला त्यांची पांढरी शाल पार्कातून हळूहळू जाताना दिसली. पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांनी बॉल थांबवून वाट दिली. शहतुताशी पोचल्यावर त्या वळल्या आणि माझ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. त्या जागी मी कितीदा उभी राहिले होते. वरून बघताना तिथला माणूस किती लांब आणि किती एकटा दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी तोंडाभोवती हात धरले. "गोगीऽऽ! ए गोगीऽऽ!"

बाईंचा हात वर गेला. हाक पोचली होती. तो हात बराच वेळ तसाच होता. मग खाली आला, आणि त्या माझ्याकडं बघायचं सोडून मार्केटकडून येणाऱ्या रस्त्याकडं बघत राहिल्या. आपणच केलेल्या गोष्टीची वाट बघत. पोरं एकेक करून घरी निघाली, पार्क रिकामा झाला, तरी त्या हलेनात.

तेव्हा मी त्यांचं नाव घेतलं. कॉलेजच्या पत्रांवर, दिवाळीच्या कार्डावर वाचलेलं ते पूर्ण नाव नाही. त्यांनी भाकरीबरोबर वावटळ झिजवली होती तसं ते मी इतकी वर्षं मनात झिजवलं असणार, कारण तोंडातून आलं ते लहान, लाडाचं निघालं. मागं बाई नाही, पुढं मैडम नाही. होता नव्हता तेवढा आवाज काढून मी ओरडले, "एऽऽ! चल ग घरी! जेवायला चल!"

त्यांनी दचकून आजूबाजूला पाहिलं. मग वर, माझ्याकडं. मी पुन्हा हाक मारली. हात वर करायचं त्या साफ विसरल्या. काठी उचलली आणि पार्कातून घराकडं निघाल्या, उशीर झालेली पोर निघते तशा, जरा भरभर.